आपल्या फुलांना ‘रानटी’ कोण म्हणतं?





आपलं हे पत्रक जमिनीच्या लढ्याचं. यात दाव्याच्या बातम्या येतात, मोर्चाच्या तारखा येतात. मग यावेळी फुलांवर आणि झाडोऱ्यावर लेख काऊन, असं कोणी विचारेल. कारण सरळ आहे. सामूहिक वनहक्काचे दावे भरणं सुरू आहे, आणि दाव्याच्या कागदावर गावोगाव एकच ओळ लिहिलेली दिसते : “रानटी फुले, झाडपाला व इतर.” ही ओळ आपल्याच पोरांनी लिहिलेली असते. शाळा शिकलेल्या, चांगलं अक्षर असलेल्या पोरांनी. आणि या एका ओळीत आपलं अर्धं जंगल बुडते.

शेजारच्या एका गावाचा कागद असाच वर गेला. तिथल्या साहेबानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “रानटी झाडोऱ्यावर कसला हक्क? तो तर आपोआप उगवतो. तण आहे ते.” गावची माणसं गप्प बसली, कारण तो शब्द त्यांच्याच कागदावर होता. म्हणून आज या शब्दांचा हिशेब करू. रानटी, तण, आणि शेवटी गौण. तिन्ही शब्द एकाच पिशवीतले आहेत.

तण म्हणजे कोणतं झाड?

तण नावाचं झाड कोणी दाखवा. नाही दाखवता येत. गहू दाखवता येतो, पऱ्हाटी दाखवता येते, मोह दाखवता येतो. तण हे कोण्या झाडाचं नाव नाही. वावराच्या मालकाला जे नको आहे, ते तण. म्हणजे हा शब्द झाडाबद्दल काहीच सांगत नाही, सांगते ते मालकाच्या मनातलं.

आता दारव्ह्याच्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर काय काय वर येते ते मोजा. तरोटा येतो, पिवळ्या फुलाचा. कोवळा पाला भाजीला, पुढं बी गोळा करून व्यापाऱ्याला. कुर्डू येतो, त्याचे गुलाबी-पांढरे तुरे पऱ्हाटीच्या वर डोकं काढतात. कोवळा असताना त्याचीही भाजी. केना येतो निळ्या फुलाचा. घोळ, माठ, काटेमाठ, चिवळ. आघाडा येतो, तो पूजेलाही लागते आणि औषधालाही. निंदणाला गेलेली बाई दिवसभर हे उपटते. मालक म्हणते तण काढ. ती काढते, आणि संध्याकाळी त्यातलंच ओच्यात भरून घरी नेते. रात्री त्याची भाजी होते. एकच झाड, एकाच दिवशी. सकाळी बांधावरून पाहिलं तर तण, रात्री चुलीवरून पाहिलं तर जेवण. मग शब्द कोणाचा चालला? बांधावर उभा असलेल्याचा. चुलीपाशी बसलेलीला कोणी विचारलं नाही.

आता तर तणनाशक आलं. फवारा मारला की आठ दिवसांत वावर साफ. मालकाचा निंदणाचा पैसा वाचला. बाईची निंदणाची मजुरी गेली, आणि वरची भाजीही गेली. दुकानदारानं बाटलीवर ‘तण’ लिहिलं म्हणून ते तण झालं. बाटलीवर ‘गरिबाची भाजी मारण्याचं औषध’ असं लिहिलं असतं, तर घेणाऱ्याचा हात जरा तरी थांबला असता की नाही?

रान म्हणजे काय, रानटी म्हणजे काय?

रान हा शब्द चांगला आहे. जुन्या अरण्य शब्दाचंच हे रूप. पुणे, सातारा, सांगलीकडचे शेतकरी तर आपल्या शेतालाच रान म्हणतात. “रानात गेलाय” म्हणजे तिकडं शेतावर गेला. आपण वऱ्हाडात शेताला वावर म्हणतो, म्हणून आपल्याला रान म्हटलं की जंगलच दिसते. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या भाषेत नांगरलेल्या शेतालाही रान म्हणता येते, त्या भाषेत रान म्हणजे ‘कोणी न राखलेलं’ असा अर्थ जन्मापासून नव्हता. तो मागाहून चिकटवला.

आणि चिकटवताना शहरवाल्यांनी बरोबर निवड केली. जे खायला गोड लागते त्याला ‘रानमेवा’. बस स्टँडवर टोपलीत बोरं, चारं, टेंभरं ठेवून बाई बसली की लोक रानमेवा म्हणून विकत घेतात, आवडीनं. ‘रानफूल’ म्हटलं की त्यांना कविता सुचते. पण ज्या माणसानं ते आणलं त्याच्यासाठी शब्द ‘रानटी’. कोणताही मराठी शब्दकोश उघडा. रानटी या एका शब्दाखाली दोन अर्थ सापडतील : रानात होणारा, आणि असंस्कृत, अडाणी, क्रूर. झाडाला लावलेला शब्द सरकत सरकत माणसावर आला. वर्गात गुरुजी दंगा करणाऱ्या पोराला म्हणतात, “रानटी आहेस का?” त्याच वर्गात मागच्या बाकावर कोलाम पोडावरचं पोर बसलेलं असते. त्याला उत्तर काय द्यावं ते कळत नाही. कारण तो रानातलाच आहे, आणि त्यात वाईट काय आहे ते त्याला कोणी सांगितलं नाही.

हीच गोष्ट ‘वनवासी’ शब्दाची. आदिवासी म्हणजे आधीपासून राहणारा. वनवासी म्हणजे नुसता वनात राहणारा, आज आहे, उद्या दुसरीकडं नेऊन ठेवला तरी चालते. एक शब्द हक्क सांगतो, दुसरा फक्त पत्ता सांगतो. म्हणून तो शब्द आपण घेत नाही. मग ‘रानटी’ आपण आपल्या हातानं काऊन लिहावा?

माझ्या आजीच्या तोंडी गोंडीत फूल म्हणजे पुंगार. मोहाचं असो, पळसाचं असो, की कोणाच्या अंगणातल्या झेंडूचं असो, ते पुंगारच. फूल कोणी लावलं हे पाहून तिनं त्याची जात ठरवली नाही.

“आपोआप उगवते” हे खोटं आहे

साहेबाचा मुद्दा हाच होता : आपोआप उगवते, तर तुमचा हक्क कसला? या मुद्द्याला उत्तर द्यायला पाहिजे, कारण तो वरून खरा वाटते.

मोह कोणी ओळीत लावत नाही, हे खरं. पण वावर काढताना सगळी झाडं तोडली तरी मोह राखला, तो कोणी? बांधावरचा शंभर वर्षांचा मोह काय साहेबाच्या हुकमानं उभा आहे? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून झाडाखालची जागा साफ करते कोण? कोणत्या घरानं कोणत्या झाडाखाली वेचायचं, हे ठिकठिकाणच्या गावांत ठरलेलं असते. त्याचा कागद नसतो, पण त्यावरून भांडण झालं तर गाव निवाडा देते. नवीन फळ, नवीन फूल आधी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा आपल्या जुन्या माणसांचा नियम. त्याचा एक अर्थ पूजेचा आहे, दुसरा अर्थ असा की कच्चं तोडायचं नाही, सगळ्यांनी एका वेळी सुरू करायचं. याला राखणं म्हणतात. पेरलं नाही म्हणून राखलं नाही, असं कोणी म्हणू शकत नाही.

आणि आता उलटा दाखला पाहा. आपल्या जंगलात आज सगळ्यात जास्त जागा कोणी खाल्ली? घाणेरीनं. तिच्या जाळीखाली गवत येत नाही, ढोरं चरत नाहीत, सागाचं रोप उठत नाही. ही घाणेरी रानटी आहे का? मुळीच नाही. ती परदेशातून बागेसाठी आणलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बंगल्यापुढं शोभेसाठी लावली, रंगीत फुलं दिसतात म्हणून. म्हणजे हे लावलेलं, पाणी घातलेलं, सभ्य फूल! बागेतलं फूल बागेबाहेर पडलं आणि रान खाऊन बसलं. गाजरगवत तसंच. ते पुण्याकडं १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी धान्याबरोबर आलं म्हणतात. आज धुऱ्यावर, रस्त्यावर, शाळेच्या मैदानात तेच. अंगाला लागलं की खाज, नाकात गेलं की दमा.

यातून एक गोष्ट शिकायची. आपोआप उगवणारं सगळंच आपलं नाही. आणि लावलेलं सगळंच चांगलं नाही. कोणतं झाड गावाचं आहे हे ठरवायचं तर त्या झाडाशी गावाचं नातं काय आहे ते विचारावं लागते. ते नातं गावालाच माहीत असते. कचेरीतल्या टेबलावर ते ठरत नाही.

कायद्याला फुलं चांगली ओळखतात

कोणी म्हणेल, फुलासारख्या बारीक गोष्टीत सरकारला काय रस? खूप रस आहे, आणि जुना आहे.

१८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा वेगळा कायदाच केला. कारण दाखवलं चोरट्या दारूचं. दारूनं आपली घरं मोडली हे आपण जाणतो, आपल्या बाया गावोगाव दारूविरुद्ध लढतात. पण मोह म्हणजे फक्त दारू नाही. वाळवलेली फुलं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भुकेला आधार होती, बियांचं तेल होते, ढोराला खाद्य होते. सरकारनं भाकरी पाहिली नाही, अबकारीचा महसूल पाहिला. पुढं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंही मोहफुलं आपल्या ताब्यात ठेवली.

१९२७ चा भारतीय वन कायदा घ्या. त्यात वनोपज म्हणजे काय याची यादी आहे. तिचे दोन भाग आहेत. एका भागात असा माल, जो जंगलात सापडो की न सापडो, तरी वनोपजच. त्या भागात मोहफुलं आणि मोहाच्या बिया नाव घेऊन लिहिल्या आहेत. म्हणजे तुमच्या सातबाऱ्यातल्या बांधावरचा मोह असला तरी त्याचं फूल कायद्याच्या भाषेत वनोपज! दुसऱ्या भागात जंगलातून आणलेला माल : झाडं, पानं, फुलं, फळं, गवत, वेली, बोरू. शेवाळसुद्धा सोडलं नाही. घेणाऱ्यानं किती बारकाईनं नावं लिहिली ते पाहा. त्यानं ‘रानटी झाडपाला व इतर’ असं लिहिलं नाही.

आता आपला २००६ चा वनहक्क कायदा. त्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झाडोरा, खुंट, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, मुळं, कंद अशी नावं आहेत. फूल हा शब्द त्या यादीत नाही. घाबरू नका. यादीच्या आधी लिहिलं आहे की लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारं सगळं वनोपज त्यात येते. म्हणजे फूल येतेच. पण गंमत समजून घ्या. हिसकावणाऱ्या कायद्यानं फुलाचं नाव घेतलं, परत देणाऱ्या कायद्यात ते नाव आपल्याला भरायचं आहे. जागा मोकळी आहे. ती ‘इतर’ लिहून वाया घालवू नका.

आणि ‘गौण’ शब्द? गौण म्हणजे कमी महत्त्वाचं. कोणासाठी? सागाचे ओंडके मोजणाऱ्यासाठी. ज्या घरात उन्हाळ्याचे दोन महिने मोह आणि तेंदूपत्त्यावर निघतात, त्या घरात गौण काय आहे? त्या घरासाठी सागच गौण, कारण सागाचा एक रुपया त्याच्या हातात कधी आला नाही. कायद्यात शब्द आहे म्हणून कागदावर तो लिहावा लागेल. पण मनात लिहू नका.

एका शब्दानं काय होते?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, शब्दावर भांडून पोट भरत नाही, जमिनीवर बोला. त्यांना तीन दाखले देतो.

पहिला दाखला बांबूचा. बांबू गवत की झाड? वनस्पतीशास्त्र म्हणते गवत. १९२७ च्या कायद्यानं त्याला झाडात धरलं, म्हणून त्यावर वनखात्याचा ताबा. २००६ च्या कायद्यानं तोच बांबू गौण वनोपजात घातला. तरी खातं ऐकेना. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) गाव भांडत राहिलं. त्यांना २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू न्यायला पास मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गवत की झाड, या एका शब्दावर गावाचा बांबू अडला होता.

दुसरा दाखला जंगल या शब्दाचाच. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात सांगितलं की ‘जंगल’ शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, आणि सरकारी दफ्तरात जंगल म्हणून नोंद असलेली जमीनही, मालक कोणीही असो, त्यात धरावी. शब्दकोशाचा अर्थ! आणि नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडं तर जुन्या दफ्तरात ‘झुडपी जंगल’ एवढे दोन शब्द लिहिलेले होते, म्हणून हजारो हेक्टर जमीन अडकून पडली.

तिसरा दाखला घरचा. वऱ्हाडात गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. त्या जमिनीवर कोणी पेरत नाही म्हणून कागदावर ती पडीक. आता श्रावणात जाऊन पाहा त्या पडीक जमिनीवर. तरोटा, गवतफूल, आघाडा, धुऱ्याला पळस. आपली ढोरं तिथं, आपल्या बायांची भाजी तिथं. फुलते ती जमीन पडीक कशी? पण ‘पडीक’ लिहिलं की उद्या ती कोणालाही देता येते, कारण पडीक म्हणजे कोणाची नाही. झाडाला तण म्हणणं, जमिनीला पडीक म्हणणं आणि माणसाला रानटी म्हणणं, हे एकाच हिशेबाचे तीन आकडे आहेत. बेरीज एकच येते : इथं कोणी नाही, घेऊन टाका.

आपल्यालाही आरसा पाहिजे

विरोधक म्हणतील, तुम्हीच मुसळी मुळासकट खणून संपवली, तुम्हीच मोहाखाली आग लावता. यात काही खरं आहे, आणि ते झाकून चालणार नाही. व्यापाऱ्यानं भाव दिला तेव्हा काही ठिकाणी बी पडायच्या आधीच मुसळी उकरली गेली. मोहाखालचा पाला जाळला की आग पुढं सरकते आणि त्यात रोपटी मरतात. पाला झाडून बाजूला करता येते, मेहनत जास्त लागते एवढंच. हक्क मागतो तर नियमही आपणच करायचा. वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. पण हेही विचारा की मुसळी खणणाऱ्याला भाव कोणी ठरवून दिला, आणि जंगल आपलं नाही असं त्याला पिढ्यान् पिढ्या कोणी सांगितलं. परक्याच्या घरात कोणी झाडू मारत नाही.

आता करायचं काय

दारव्हा तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या बाजूची गावं त्यात आहेत. त्यामुळं २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा, जो वनोपजाची मालकी ग्रामसभेला देतो, तो आपल्याकडं लागू नाही. आपल्या हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे, आणि तो सगळीकडं लागू आहे. म्हणून आपला कागद पक्का पाहिजे.

एक. ‘रानटी’, ‘तण’, ‘झाडपाला व इतर’ हे शब्द दाव्यातून काढा. प्रत्येक झाडाचं, वेलीचं, फुलाचं नाव लिहा. गावात जे नाव चालते तेच लिहा, गोंडी असो, कोलामी असो की वऱ्हाडी. शहरी नाव माहीत नसलं तर अडत नाही.

दोन. नावापुढं चार गोष्टी लिहा : कुठं मिळते, कोणत्या महिन्यात, कशाला लागते, कोण आणते. “पळस, फूल, होळीचा रंग, पान, पत्रावळ आणि द्रोण, नाल्याच्या काठानं” एवढं पुरे.

तीन. ही यादी पोरांनी एकट्यानं करू नये. म्हाताऱ्या बायांना बसवा. आम्ही बारावी शिकलो तरी वीस नावांवर अडतो, त्या शंभरावर जातात. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं की तोही नियमाप्रमाणे पुरावा आहे. त्याच्या जोडीला आणखी एक तरी पुरावा लावा.

चार. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. बाया नाही तर सभा नाही. आणि बाया नाही तर यादीही नाही, हे आपण जोडू.

पाच. त्याच नियमांत लिहिलं आहे की गौण वनोपज गोळा करायला कोणतीही रॉयल्टी, फी नाही, आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देईल. हक्क मिळालेल्या गावात कोणी फुलाची गोणी अडवून पैसे मागितले तर नियम दाखवा, नाव लिहून घ्या, संघटनेला कळवा.

सहा. साहेब म्हणाला “हे तर तण आहे”, तर शांतपणे विचारा : “कोणत्या झाडाला म्हणता साहेब? नाव सांगा.” त्याला नाव येणार नाही. तुम्हाला येते. ज्याला नाव येते, त्याचं नातं आहे. ज्याचं नातं आहे, त्याचा हक्क आहे. हे कागदावर उतरवा.

रान शब्द सोडू नका. रानभाजी म्हणा, रानफूल म्हणा, रानातला माणूस म्हणा, मान वर करून म्हणा. फक्त ‘रानटी’ हा शिक्का आपल्या हातानं आपल्या कागदावर मारू नका. पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गावानं आपली यादी पाठवावी. ज्या गावाची यादी येईल ती आपण याच पत्रकात छापू, सगळ्या नावांसकट, एकही ‘इतर’ न लिहिता.

जल, जंगल, जमीन – हक्क आमचा!
जय सेवा!